बायफ्रॉस्टला कुलूप लावताना: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे एकतीस सर्व्हर आहेत, दोन रॅकमध्ये. रॅक नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये आणि आम्ही चौघं पुण्यात. नवीन मशीन आलं की पेन ड्राइव्ह घेऊन द्रुतगती मार्गाने जायचं, हा प्रकार तीन वर्षं चालला. त्याला कंटाळून गेल्या वर्षी बायफ्रॉस्ट बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बायफ्रॉस्ट म्हणजे ओपनस्टॅकमधला (स्वतःचा क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) आयरॉनिक हा भाग बाकीच्या पसाऱ्याशिवाय उभा करून देणारा अॅन्सिबल प्लेबुकांचा, म्हणजे सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या फाइलींचा, संच. रिकाम्या लोखंडाला (इंग्रजीत 'बेअर मेटल', म्हणजे अजून काहीच न चढवलेला सर्व्हर) चालू करायचं, नेटवर्कवरून बूट करायचं, डिस्कवर इमेज उतरवायची, हे काम आयरॉनिक करतं. (आयरॉनिकचं बोधचिन्ह ढोल वाजवणारं अस्वल आहे. इंग्रजीत उघडं आणि अस्वल या दोन्ही शब्दांचा उच्चार 'बेअर', त्यावरची ही कोटी.)

डिप्लॉयमेंटबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते लॉगिनबद्दल, कारण माझे सगळ्यात जास्त रविवार त्यातच गेले.

सुरुवात आम्ही लाज वाटावी अशी केली. ऑथ स्ट्रॅटेजी 'नोऑथ' ठेवली, म्हणजे लॉगिनच नाही. आतलंच नेटवर्क आहे, येणार कोण? आयरॉनिकचा एपीआय (त्याला हुकूम द्यायचं दार) ६३८५ पोर्टवर उघडा, आणि ज्याचा लॅपटॉप व्हीपीएनवर तो राजा. महिन्याभरात आमच्यातल्याच एकाने नावात एका आकड्याची चूक करून चालू डेटाबेसचं मशीन अनडिप्लॉय केलं, म्हणजे सेवेतून काढलं. अनडिप्लॉयनंतर क्लीनिंग सुरू होतं, म्हणजे डिस्क पुसली जाते. बॅकअप होता म्हणून वाचलो. पण हे कुणी केलं हे लॉगमध्ये पाहायला गेलो तर तिथे नावच नाही. असणार कुठून? नाव विचारलंच नव्हतं. ज्याने केलं त्याने स्वतःहून सांगितलं, हा त्याचा मोठेपणा.

मग एचटीटीपी बेसिक, म्हणजे साधं नाव-पासवर्डचं लॉगिन. बायफ्रॉस्टच्या अलीकडच्या आवृत्त्या मुळात हेच लावून देतात. आम्ही ते हट्टाने बंद केलं होतं. मांडणी अगदी साधी आहे. ईटीसीमधल्या आयरॉनिकच्या फोल्डरमध्ये एचटीपासवर्ड फाइल, तीत दर माणसामागे एक ओळ, आणि कॉन्फिगमध्ये त्या फाइलचा पत्ता. फक्त पासवर्डचा हॅश (त्यावरून काढलेलं, उलटं न फिरवता येणारं रूप) बीक्रिप्ट पद्धतीचाच लागतो. मी सवयीने एचटीपासवर्ड कमांड मोठा बी न देता चालवली, एमडी५ची ओळ तयार झाली आणि अर्धा तास मी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत बसलो. एक चांगली गोष्ट अशी की फाइल दर विनंतीला वाचली जाते. माणूस सोडून गेला की ओळ खोडायची, सर्व्हिस रीस्टार्ट करायची गरज नाही.

चार-पाच जणांची टीम असेल आणि सगळ्यांवर सारखाच विश्वास असेल तर इथेच थांबा, असं मी कुणालाही सांगेन. आम्ही थांबलो नाही, कारण मध्येच मशीन लर्निंगवाली (एमएल) टीम आली. त्यांना त्यांची सहा मशीन स्वतः चालू-बंद करायची होती. बेसिकमध्ये मधली पायरी नाही. जो आत आला तो सगळ्याचा मालक.

म्हणून कीस्टोन, म्हणजे ओपनस्टॅकमधला ओळख आणि परवानग्या सांभाळणारा भाग. बायफ्रॉस्टच्या इन्स्टॉल कमांडला कीस्टोन चालू करण्याचा एक पर्याय जोडायचा, बाकी प्लेबुक करतं. शनिवारी दुपारी चालवलं, चाळीसेक मिनिटांत हिरवं झालं. एमएलवाल्यांसाठी वेगळा प्रोजेक्ट केला, त्यातला युजर वापरून यादी मागवली तर यादी रिकामी. पोटात गोळा आला. थेट नाव देऊन मशीन मागितलं तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. वाटलं, डेटाबेस गेला! प्रत्यक्षात सगळं जागेवर होतं. आयरॉनिकच्या नव्या परवानगी पद्धतीत मशीनला 'ओनर' आणि 'लेसी', म्हणजे मालक आणि भाडेकरू, असे दोन रकाने असतात. ते दोन्ही रिकामे असले की प्रोजेक्टमधल्या माणसाच्या दृष्टीने ते मशीन अस्तित्वातच नाही. 'परवानगी नाही' असं सांगणं म्हणजे मशीन आहे हे कबूल करणं, म्हणून 'सापडलं नाही' सांगतात. विचार पटतो, पण शनिवारी संध्याकाळी नाही पटत. सहा मशीनवर लेसी म्हणून त्यांचा प्रोजेक्ट टाकला आणि यादीत नेमकी सहा नावं आली. सगळी मशीन पाहायची तर क्लाउड्स डॉट यॅमल या क्लायंटच्या लॉगिन फाइलमध्ये सिस्टिम स्कोप, म्हणजे सगळ्या यंत्रणेचा आवाका, द्यावा लागतो.

या यॅमल फाइलने आणखी एकदा फसवलं. क्लायंट ती आधी चालू फोल्डरमध्ये शोधतो, मग घरच्या कॉन्फिगमध्ये, मग ईटीसीत. माझ्या एका जुन्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये बेसिकच्या काळातली प्रत पडून होती. त्या फोल्डरमध्ये उभं राहून कमांड दिली की ४०१ ('ओळख पटली नाही'), बाहेरून दिली की चालते. भुताटकीच.

कीस्टोनचं टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता पास, मुळात ३६०० सेकंदांचं असतं. कमांडलाइन क्लायंट ते आपलं आपण नवं घेतो, त्याची काळजी नको. पण आमची एक शेल स्क्रिप्ट सुरुवातीला टोकन घेऊन पुढे कर्लने (वेब विनंत्या पाठवणारी कमांड) दर पाच मिनिटांनी क्लीनिंगची स्थिती विचारत बसायची. मोठ्या फिरत्या डिस्क पूर्ण पुसायला तास नाही, रात्र लागते. स्क्रिप्ट तासाभराने गप्प. सकाळी दहा मशीन पुसून तयार होती आणि पुढचं काम सुरूच झालेलं नव्हतं. मुदत वाढवण्याचा मोह झाला होता; त्याऐवजी स्क्रिप्ट पायथॉनमध्ये एसडीकेवर (ओपनस्टॅकच्या तयार लायब्ररीवर) नेली. टोकन ज्यांवर बनतात त्या फर्नेट किल्ल्या बदलण्याचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आठवड्यातून एकदा ठेवलाय.

टीएलएस (संपर्काचं एन्क्रिप्शन) लावताना स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट वापरलं. ब्राउझर आणि क्लायंटला समजावता येतं. सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा बीएमसी (मशीन दुरून चालू-बंद करू देणारी वेगळी चिप) मात्र त्या पत्त्यावरून व्हर्च्युअल सीडी (नेटवर्कवरून दिलेली बूट इमेज) उचलायला तयार होईना. त्यासाठी बायफ्रॉस्टमध्ये फक्त व्हर्च्युअल मीडियाचं टीएलएस बंद करायची सोय आहे. केलं बंद, नाइलाज.

इथवर आल्यावर मला वाटलं, आता घर बंद झालं. तेव्हा मागच्या खिडक्या दिसायला लागल्या.

पहिली खिडकी मुद्दाम उघडी ठेवलेली आहे. बूट झालेल्या मशीनमधला एजंट (आयरॉनिकचा छोटा प्रोग्रॅम) आयरॉनिकला फोन करतो तेव्हा त्याच्याकडे कुठलाच पासवर्ड नसतो, त्यामुळे लुकअप ('मी कोणतं मशीन?') आणि हार्टबीट ('मी चालू आहे') हे दोन पत्ते लॉगिनशिवाय चालतात, कीस्टोन असलं तरी. २०२० पासून एजंट टोकन आलंय: पहिल्या लुकअपला एकदाच टोकन मिळतं, पुढे ते नसेल तर एजंटचं कुणी ऐकत नाही. उत्तम सोय, पण पहिला फोन कुणाचा यावर सगळं अवलंबून. व्हर्च्युअल मीडियाने बूट केलं तर टोकन इमेजमध्येच घालून पाठवता येतं, तो प्रश्न बऱ्यापैकी मिटतो. प्रोव्हिजनिंगचं नेटवर्क आम्ही वेगळ्या व्हीलॅनवर (स्वतंत्र आभासी नेटवर्कवर) नेलं ते याच कारणाने.

दुसरी खिडकी आयपीएमआय, म्हणजे बीएमसीशी बोलायची जुनी पद्धत. पोर्ट ६२३, यूडीपी. याच्या २.० आवृत्तीत लॉगिनच्या देवाणघेवाणीत बीएमसी समोरच्याची ओळख पटायच्या आधीच पासवर्डवरून काढलेला हॅश देऊन टाकतो. तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. हा दोष मांडणीतलाच आहे, पॅचने जात नाही. उपाय लांब पासवर्ड, आणि मर्यादा २० बाइट. मी उत्साहात चोवीस अक्षरांचे पासवर्ड ठेवले. बीएमसीच्या वेबपानाने निमूट घेतले, आयपीएमआय टूलने नाकारले. नऊ मशीन हाताबाहेर गेली असं वाटून गाडीची किल्लीही उचलली होती. वेबपानावरून पासवर्ड आखूड करता येतात हे सुदैवाने लोणावळ्याआधी सुचलं. आता जिथे जमेल तिथे रेडफिश ही नवी पद्धत वापरतो.

तिसरी खिडकी सगळ्यात वाईट आणि ती पूर्णपणे माझी. आयरॉनिकच्या एपीआयमध्ये बीएमसीचे पासवर्ड चांदण्यांच्या रूपात दिसतात. मी समजलो, आतही तसेच असतील. डेटाबेसमध्ये ते जसेच्या तसे असतात. आणि त्या डेटाबेसचा रोजचा डंप (पूर्ण प्रत) मी सात महिने ऑफिसच्या सामायिक एनएएसवर (फाइली ठेवायच्या सर्व्हरवर) ठेवत होतो, जिथे अकाउंट्सवालेही आपल्या एक्सेल फाइली ठेवतात. एकतीसच्या एकतीस पासवर्ड बदलले. त्याला दोन दिवस गेले. डंप आता एन्क्रिप्ट होऊन वेगळीकडे जातो.

बायफ्रॉस्टवर मी खूश आहे का? हो. जून ते सप्टेंबर एकदाही घाट उतरावा लागला नाही. त्याची कागदपत्रं मात्र माहीतगारासाठी लिहिलेली आहेत. ओनर-लेसीची भानगड मला आयरॉनिकच्या वेगळ्या पानांवर शोधावी लागली. एमएलवाले आता त्यांची सहा मशीन आपली आपण चालवतात. गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाने मेसेज टाकला, 'दादा, सातवं मशीन दिसत नाहीये.' सातवं त्यांचं नाहीच. उत्तर द्यायच्या आधी मी चहा घेतला.