कॅनडाचा एलएमआयए (बाहेरचा कामगार घ्यायची सरकारी मंजुरी) विकत घेऊ नका. माझ्या भावाला पाच वर्षांची बंदी लागली

माझा धाकटा भाऊ वाळूजला सीएनसी ऑपरेटर आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका एजंटानं त्याला कॅनडातल्या कारखान्याचं ऑफर लेटर दाखवलं आणि 'एलएमआयएची फी' म्हणून साडेसहा लाख घेतले. वडिलांनी त्यासाठी परभणीकडचं दीड एकर रान गहाण टाकलं.

एलएमआयए म्हणजे या जागेवर स्थानिक माणूस मिळत नाही, बाहेरचा घेतला तरी चालेल, अशी कॅनडा सरकारची मंजुरी. ती मागतो मालक. दर जागेमागं १,००० कॅनेडियन डॉलर फी असते, तीही मालकानंच भरायची. कामगाराकडून वसूल करायला कायद्यानं मनाई आहे. म्हणजे या नावाखाली पैसे मागितले तिथंच सौदा बेकायदा. आपल्याकडं हे फार थोड्यांना ठाऊक आहे, त्यावरच ही दुकानं चालतात.

पैसे गेले ते गेले, पण खरा घात पुढं झाला. कॅनडाला जायच्या अर्जाचं ऑनलाइन खातं एजंटानं स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. भावानं कधी पायही न ठेवलेल्या कंपनीचं अनुभवपत्र त्यात जोडलं. नकार देण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यानं खुलासा मागवला होता. ते पत्र एजंटाच्या ईमेलवर आलं आणि त्यानं दाबून ठेवलं. मुदत सरली. मग इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती दिल्याचा ठपका, कॅनडात जायला पाच वर्षं बंदी. खोटं रचलं एजंटानं, पण अर्जदार भाऊ. एजंटाचं नाव त्या अर्जात प्रतिनिधी म्हणून कुठंच नव्हतं!

घरातलं कुणी निघालं असेल तर पासवर्ड स्वतःकडं ठेवा, पाठवण्याआधी प्रत्येक कागद वाचा. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचं काम करणारा तिथला वकील किंवा परवानाधारक सल्लागार असावा लागतो. त्यांची यादी नेटवर फुकट बघता येते. परदेशात नोकरी लावणाऱ्याला १९८३ च्या कायद्यानुसार भारत सरकारची नोंदणीही लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. अशा नोंदणीकृत एजंटाच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. या नियमांतून सुटायला आमचा एजंट म्हणायचा, "आम्ही भरती करत नाही, नुसतं कन्सल्टिंग." पावतीवरही तेवढंच छापलंय.

आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे. जालना, बीडकडची आणखी पोरं यात अडकली आहेत. त्यांनी पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, बँकेच्या नोंदी पुसू नयेत आणि आपापली तक्रार लगेच द्यावी.