अ‍ॅसिडिटीसाठी आठ महिने काय काय केलं आणि त्यातलं काय टिकलं

नवरात्रात सहाव्या माळेला रात्री दीड वाजता मी दचकून उठून बसले तेव्हा मला वाटलं हे हार्टचंच आहे. छातीच्या मधोमध आग, घशाशी आंबट-कडू आलेलं, दरदरून घाम, आणि डावा हात दुखतोय की नुसती भीती वाटतेय तेच कळेना. मिस्टरांनी गाडी काढली, ईसीजी केला, नॉर्मल आला, पित्त म्हणून घरी पाठवलं. पण पहिल्यांदा हेच सांगते की छातीत असं पहिल्यांदाच होत असेल, हात-जबडा दुखत असेल, धाप लागत असेल तर पित्तच असेल म्हणून घरी थंड दूध पीत बसू नका, आधी ईसीजी काढून घ्या. पित्त निघालं तर उत्तमच.

मी ४३ वर्षांची, नाशिकला सातपूर भागात राहते, घरीच ब्लाउज-परकर शिवते. त्रास पाच-सहा वर्षांचा. करपट ढेकर, जळजळ, सकाळी उठल्यावर घसा बसलेला, मधेच कोरडा खोकला. त्यातली शेवटची दोन वर्षं मी मेडिकलमधून गॅसची कॅप्सूल आणून घेत होते, तीही जेवल्यावर आणि त्रास झाला की. काउंटरवरून पट्टी मिळायची, किती दिवस घेताय हे कुणी एकदाही विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

नवरात्रानंतर पोटाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला थोडी सूज होती, बाकी काही नाही. त्यांनी समजावलं ते मला पटकन कळलं कारण ते माझ्या धंद्यातलंच आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते, बटव्याच्या नाडीसारखी, घास खाली गेला की तिने मिटायला पाहिजे. ती ढिली पडली किंवा पोटातून जास्त दाब आला की अ‍ॅसिड वर येतं. जठराला त्या अ‍ॅसिडची सवय असते, अन्ननलिकेला नसते, म्हणून जळतं. म्हणजे इतकी वर्षं मी काय खाल्लं एवढंच शोधत होते आणि पोटावर दाब कशाचा येतोय, जेवून आडवी कधी होतेय, हे कधी बघितलंच नव्हतं.

गोळी आठ आठवडे दिली, पँटोप्राझोल ४०, सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. अ‍ॅसिड बनवणारे जे पंप असतात ते खाण्याने चालू होतात, म्हणून गोळी त्याच्या आधी पोटात असावी लागते. दोन वर्षं मी जेवून घेत होते म्हणजे निम्मा उपयोग वायाच घालवत होते.

मी मापाची वही वापरते त्याच्या मागच्या पानांवर ऑक्टोबरपासून लिहायला लागले. रोज तीनच गोष्टी, रात्री किती वाजता जेवले, किती वाजता आडवी झाले, आणि जळजळ शून्य ते तीन. नवीन काहीही करायचं ते एकावेळी एकच आणि निदान दहा दिवस. हे फार महत्त्वाचं आहे कारण आपण सोमवारी लाह्यांचं पाणी चालू करतो, मंगळवारी मैत्रीण सांगते म्हणून मोरावळा, बुधवारी चहा बंद, आणि मग बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते कळत नाही.

सगळ्यात जास्त फरक पलंगाने पडला. मी आधी दोन-दोन उश्या घेऊन झोपायचे, त्याने मान दुखायची आणि जळजळ तशीच, कारण उश्यांनी नुसती मान-पाठ वाकते, कमरेतून घडी पडते आणि पोट उलट जास्त दाबलं जातं. डॉक्टर म्हणाले पलंगाची डोक्याकडची बाजूच सहा ते आठ इंच वर करा. पहिले आठ दिवस दोन्ही पायांखाली विटा लावल्या, दोन-दोन, पण कूस बदलली की विटेची कोर झडायची आणि सकाळी फरशीवर लाल भुगा. मग सुताराकडून सागवानी ठोकळे करून घेतले, सहा इंच उंच, वर पलंगाचा पाय बसेल एवढी खाच पाडून घेतली, खाच नसेल तर पाय घसरून पलंग आदळू शकतो. सुरुवातीचे चार-पाच दिवस आम्ही दोघंही रात्रीतून खाली सरकायचो, मिस्टर म्हणाले उतारावर झोपल्यासारखं वाटतंय, मग गादीवर गुळगुळीत चादरीऐवजी जाड सुती सोलापुरी चादर घातली आणि सरकणं थांबलं. ऑक्टोबरमध्ये जळजळीने उठलेल्या रात्री १९ होत्या. ठोकळे लावलेल्या नोव्हेंबरमध्ये ११. अर्थात गोळीही चालू होती, त्यामुळे सगळं श्रेय ठोकळ्यांना देत नाही, पण जानेवारीत गोळी कमी केली तेव्हाही आकडा वर गेला नाही म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसलाय.

त्याला जोडूनच डावी कूस. आपल्याकडे जेवल्यावरची वामकुक्षी म्हणतात ना, त्या शब्दातच डावी कूस आहे. जठराचा मोठा भाग डावीकडे असतो, डाव्या कुशीवर झोपलं की अ‍ॅसिड त्या कडीच्या खालच्या पातळीला राहतं, उजव्या कुशीवर तेच कडीशी येतं. मी मुद्दाम चार रात्री उजव्या कुशीवर झोपून बघितलं, वहीत दोन, तीन, दोन, तीन असं आहे, पुन्हा नाही केलं. दुपारी मात्र जेवल्या-जेवल्या वामकुक्षी पण बंद, कुठल्याच कुशीवर नको, तासभर बसून राहते नाहीतर काज-बटणाचं काम घेते.

आता अवघड भाग. मिस्टरांची बहुतेक महिनाभर सेकंड शिफ्ट असते, घरी यायला बारा वाजतात आणि लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासोबतच जेवत आलेय. म्हणजे संध्याकाळी पाचला चहा, मग थेट बाराला भरपेट जेवण आणि पाऊणला आडवी. झोपायच्या आधी निदान तीन तास पोटात काही जाऊ नये असं सांगितल्यावर मला पहिल्यांदा रडूच आलं, कारण आमचा दोघांचा बोलायचा वेळ तोच. त्यांना एकट्याने ताटावर बसवायचं मनाला पटेना. तीन आठवडे मी हे टाळलं आणि वहीत ते स्पष्ट दिसतं. शेवटी त्यांनीच सांगितलं की तू साडेसातला आईंबरोबर जेवून घे, मी आलो की समोर बस फक्त. आता मी त्यांना वाढते, समोर बसते, हातात कोमट पाण्याचा पेला असतो. जेवण साडेसातला आल्यापासून मसाल्याची भाजी खाल्ली तरी पूर्वीइतका त्रास होत नाही. मिसळ मी सोडलेली नाही, नाशिकमध्ये राहून ते शक्य नाही, पण महिन्यातून एकदा, सकाळी नऊला, तर्री कमी, आणि नंतर दोन तास मशीनवर वाकायचं नाही. तीच मिसळ पूर्वी रात्री खाल्ली की पहाटेपर्यंत बसून काढायचे.

वाकण्याचं सांगायचं राहिलं. दुपारी जेवून लगेच मशीनवर बसले की पुढे झुकून पोट दुमडतं आणि तिसऱ्या ब्लाउजपर्यंत घशाशी यायला लागतं. आता जेवणानंतर कटिंग करते, उभ्याने, टेबलावर. फरशी पुसणं, केर काढणं सकाळी पोट रिकामं असताना. आणि परकराची नाडी! संध्याकाळी नाडी सोडली की कमरेवर बोटभर खोल वळ असायचा, वीस वर्षं ती खूण बघतेय आणि काही वाटलं नाही. स्वतःसाठी चार परकर चार इंची रुंद पट्टीचे शिवले, बाजूला हुक, नाडी नाहीच. पहिल्याच आठवड्यात दुपारचे ढेकर कमी झाले. आता गिऱ्हाइकांनाही सांगते, पित्ताचा त्रास असणाऱ्या सात जणींनी तसे शिवून नेले. वजन ७१ वरून ६६ वर आलंय, त्याचाही वाटा असणारच, पोटाचा घेर कमी झाला की आतला दाबही कमी होतो.

स्वयंपाकघरातले उपाय आता एकेक करून सांगते, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. थंड दुधाने वीस-पंचवीस मिनिटं स्वर्ग, मग पुन्हा, आणि कधी कधी जास्त, कारण दूध पचवायला पोट आणखी अ‍ॅसिड सोडतं. साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून गाळून ते पाणी घोट घोट प्यायले की मला बरं वाटतं, मळमळ असेल तेव्हा तर फारच, पोटालाही हलकं. धणे-जिऱ्याचं पाणी छान लागतं पण वहीत काही फरक दिसला नाही. कोकम सरबत पित्तावर म्हणून लहानपणापासून पितो, उन्हातून आल्यावर गार वाटतं ते खरंच, पण माझी अन्ननलिका सुजलेली असताना आंबट घोट गेला की टाचणीने ओढल्यासारखं व्हायचं. पुदिन्याचं पाणी मी दोन वर्षं औषध म्हणून पीत होते आणि पुदिन्याने ती कडी आणखी ढिली पडते हे डॉक्टरांकडून कळल्यावर वाईट वाटलं. सोडा-लिंबू आणि फसफसणारी पावडर तेवढ्यापुरती, त्यात सोडियम भरपूर, बीपीवाल्यांनी रोज नकोच. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटलं, पण सासूबाईंना बीपी आहे आणि ज्येष्ठमधाने बीपी वाढतं म्हणून त्यांना दिलं नाही. जेवल्यावर बिनसाखरेचं च्युइंग गम अर्धा तास चघळणं हे मला सगळ्यात नवीन होतं, लाळ जास्त सुटते आणि लाळ अ‍ॅसिड मारते, दुपारी त्याने खरंच फरक पडतो.

चहा पाच कपांवरून दोन. सकाळचा पहिला कप आता ज्वारीची अर्धी भाकरी खाल्ल्यावर. पहिला आठवडा डोकं दुखलं, नंतर नाही. तुरीच्या जागी मुगाचं वरण, मऊ भात, दुधी, दोडका, पडवळ, वर चमचाभर तूप. तळण रविवारी, दुपारीच.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्या सासूबाईंकडे पित्त झालं की कोमट मिठाचं पाणी पिऊन घशात बोटं घालून उलटी काढायची पद्धत आहे, पित्त पडलं की मोकळं वाटतं, मीही वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा करायचे. मोकळं वाटतं हे खोटं नाही. पण दरवेळी तेच अ‍ॅसिड सगळं अन्ननलिकेतून आणि दातांवरून जातं. डिसेंबरमध्ये दातांच्या डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं, वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजून पिवळी पडलीय. गार पाण्याने दात आंबायचे त्याचं कारण ते. आता उलटी काढणं बंद, आणि कधी आपोआप झालीच तर लगेच ब्रश नाही, नुसत्या पाण्याने चूळ भरायची.

उपवास मी सोडले नाहीत. संकष्टीला दिवसभर चार चहा, मग चंद्रोदय साडेनऊ-दहाला, तेव्हा मोदक-वरण-भात पोटभर आणि लगेच झोप, यापेक्षा वाईट काही नसेल. आता दुपारी राजगिऱ्याची लाही दुधातून, केळं, पपई, चहा एकच, आणि चंद्र बघून नैवेद्याचा एक मोदक आणि चार घास मऊ भात. बाप्पाला तेवढं चालतं अशी माझी श्रद्धा आहे. साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाने आणि हिरव्या मिरचीने मला हमखास त्रास देते, एकादशीला भगर करते.

गोळीचं पुन्हा थोडं. आठ आठवडे झाल्यावर मला बरं वाटलं म्हणून मी मनानेच एकदम बंद केली आणि चौथ्या दिवसापासून पहिल्यापेक्षा भयंकर जळजळ, वाटलं सगळं फुकट गेलं. डॉक्टर म्हणाले अचानक थांबवली की काही दिवस पोट उलट जास्त अ‍ॅसिड सोडतं. मग ४० वरून २०, नंतर एक दिवसाआड, असं करत मार्चच्या शेवटी सुटली. सगळ्यांची सुटेलच असं नाही, सूज जास्त असेल तर चालू ठेवावी लागते, तेव्हा माझं बघून कुणी बंद करू नका. आणि गिळताना अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, उलटीत रक्त दिसलं तर यातलं काहीच करत न बसता सरळ डॉक्टर गाठा.

एप्रिलमध्ये जळजळीच्या रात्री तीन. त्यातल्या दोन पुतण्याच्या लग्नातल्या, अकराला पंगत. मे महिन्यात दहा दिवस माहेरी गेले, तिथे सगळे खाली गाद्या टाकून झोपतो, ठोकळे कुठून आणणार, तर आईच्या जुन्या गोधड्यांच्या घड्या करून गादीच्या खाली, कमरेपासून डोक्यापर्यंत चढत जातील अशा लावल्या, खांद्याकडे सहा घड्या, कमरेकडे एक. आईला आठला जेवायला बसायची सवय लागली आणि दहाही रात्री वहीत शून्य आहे.