हॅम परवान्याचे नियम: प्रश्नसंच की नियमावली?

हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्यासाठी नियमांचा अभ्यास म्हटला की बहुतेक जण प्रश्नसंच उचलतात. क्यू-कोडसाठी, म्हणजे रेडिओवरच्या ‘क्यू’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी संकेतांसाठी, तो उत्तमच. क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा व्यत्यय, क्यूआरएन म्हणजे वातावरणातली खरखर. ही जोडी हमखास उलटी होते, रोज २० प्रश्न सोडवले की पक्की बसते.

बँडच्या, म्हणजे वारंवारतेच्या ठरावीक पट्ट्यांच्या, मर्यादांना मात्र संच दगा देतो. परदेशी अ‍ॅपवर ४० मीटरचा बँड ७.३ मेगाहर्ट्‌झपर्यंत दिसतो. ती अमेरिकेची हद्द. भारत आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) तिसऱ्या विभागात येतो, आपली हद्द ७.२. इथे भारतीय नियमावलीच हवी. भाषा रुक्ष आहे खरी, पण तिचा तक्ता स्वतःच्या हाताने वहीत उतरवा: बँड, वारंवारता, कमाल पॉवर.

आधी नियमावली, मग संच. उलट केलं, तर पर्यायांचा क्रम बदलला तरी गोंधळ उडतो.