आयोवातलं १९०० सालचं शेतघर, नक्की जा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डी मॉइन शहराजवळ अर्बनडेलला लिव्हिंग हिस्टरी फार्म्स नावाचं, जुनं शेतीजीवन दाखवणारं खुलं संग्रहालय आहे, तिथलं १९०० चं फार्म बघाच. घोड्यांनी नांगरणी, लाकडावरचा लोखंडी स्टोव्ह आणि त्यावर खरंच स्वयंपाक चालू असतो, जुन्या पोशाखातल्या बायका पाव भाजता भाजता सगळं समजावून सांगतात, आईला तर चुलीचे दिवस आठवले आणि ती तिथून हलेचना! लाइटचा पत्ता नाही, अमेरिकेत गावाकडे वीज न्यायचा कायदाच १९३६ चा, त्यामुळे कपडे धुणं म्हणजे पाणी तापवा, घासणीच्या पत्र्यावर घासा, पिळा, दिवस संपला. पोरांना कोंबड्या आवडल्या. भर जुलैत मात्र त्या स्वयंपाकघरात जीव नको होतो, सकाळीच जा.