प्रातोमधलं वेन्झौ जेवण, पाचपैकी चार स्टार (एक का कापला ते वाचा)

इटलीत फ्लॉरेन्सला जाणार असाल तर तिथून लोकलने अर्ध्या तासाच्या आत प्रातो येतं, फक्त कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करा नाहीतर दंड बसतो. आमचे मिशनमधले जुने सहकारी तिथल्या चिनी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा करतात, दादा-वहिनी म्हणतो आम्ही त्यांना, चार दिवस त्यांच्याकडेच मुक्काम होता. हे हॉटेल म्हणजे व्हिया पिस्तोयेझेच्या एका गल्लीतली आठ टेबलांची खानावळ, मालकीणबाई मंडळीतल्याच. दारावर लाल कागदावर सोनेरी अक्षरं, मला वाटलं दुकानाचं नाव असेल, तर वहिनी म्हणाल्या, "अगं ते इम्मानुएल लिहिलंय," म्हणजे बायबलमधलं येशूचं नाव. प्रातोतली बरीचशी चिनी माणसं वेन्झौची, आणि त्या शहराला चीनचं जेरुसलेम म्हणतात इतके ख्रिस्ती तिथे.

सकाळी लवकर जा. वाफाळता चिकट भात, त्यावर खिम्याचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेल्या पिठाच्या कांडीचा चुरा, खरं सांगते आपल्या मिसळीवरच्या फरसाणाची आठवण झाली. नऊनंतर गेलात तर पातेलं रिकामं, कारण रात्रपाळीची शिलाई कामगार मंडळी येऊन खाऊन जातात. इचलकरंजीत मागावरून सुटलेले लोक चहाच्या टपरीवर दिसतात ना, तेच चेहरे. वहिनींनी तिथेच हळू आवाजात सांगितलं की १ डिसेंबर २०१३ ला इथल्या एका कपड्याच्या कारखान्याला आग लागून ७ चिनी कामगार गेले, ते राहायचे-झोपायचेही आतच. मंडळीत रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळी प्रार्थना का होते ते तेव्हा कळलं.

रविवारी उपासनेनंतर पुन्हा तिथेच, फिशबॉल सूप. बॉल म्हणजे नावालाच हं, मी आपली गोल गोळे शोधतेय आणि वाडग्यात वेड्यावाकड्या पांढऱ्या पट्ट्या! चव मात्र फर्स्ट क्लास, व्हिनेगर, पांढरी मिरी, वरून कांद्याची पात.

स्टार कापला तो ऑर्डरच्या गोंधळासाठी. मेनूवर एक फोटो नाही, दादांनी इतकी वर्षं मँडरिन घोटलंय पण वेन्झौची बोली इतर भागातल्या चिनी लोकांनाही कळत नाही, शेवटी मालकीणबाईंच्या आठ वर्षांच्या नातीने गृहपाठाची वही बाजूला सारून इटालियनमधून दुभाषीगिरी केली. तरी दोन वाडगे जास्तीचे आलेच, आणि बिल रोखच द्यावं लागलं.

तिखट अजिबात नाही म्हणून मी पर्समधली लसणाची चटणी काढली. मालकीणबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, खोकल्या, आणि उरलेल्या पुडीला रबरबँड लावून ती सरळ स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली.