डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, म्हणून गाडी घेतली

सेकंडहँड गाडी बघायला जाणार असाल तर आधी एवढं करा. सेल्फ मारू नका, नुसती चावी ऑन करा आणि मीटरकडे बघा. तेलाचा दिवा, बॅटरीचा दिवा आणि इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा एकदम लागले पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. तो पिवळा दिवा लागलाच नाही, तर समजा की कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय. मला हे ठाऊक नव्हतं. त्यात माझे ४३,४०० रुपये गेले आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख हुकली.

आम्ही पावसजवळ राहतो. आईला कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचं, वळणावळणाच्या घाटात तिला एसटी सोसत नाही, म्हणून मिरगाच्या आधी गाडी घ्यायची ठरवलं. रत्नागिरीच्या बाहेर हायवेला एक जुन्या गाड्यांचा विक्रेता आहे. त्याच्याकडे २०१५ सालची पेट्रोल गाडी होती, २,६५,००० रुपयांना. मी पोहोचलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर गरम. "तुम्ही येणार म्हणून आताच चक्कर मारून आणली," असं तो म्हणाला. इंजिन आधीच तापलेलं असलं की थंड इंजिनमध्ये होणारी कुरकुर लपते, हे मी नंतर शिकलो. त्यानेच मला बसवलं, त्यानेच गाडी सुरू केली आणि बोट दाखवून म्हणाला, "साहेब, डॅशबोर्ड बघा. एकही दिवा पेटत नाही. डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल ओनर." सपाट रस्त्यावर हातखंब्यापर्यंत जाऊन आलो. गाडी छान पळाली. त्याने पुढे केलेल्या कागदावर मी सही केली. त्यात "गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली" असं एक वाक्य होतं. ते मी वाचलं होतं, पण त्यावर थांबलो नाही.

जूनमध्ये गाडी सकाळी सुरू झाली की थरथरायची. मला वाटलं पाऊस, दमट हवा, होतं असं. दिवा कुठे लागलाय? दिवा लागला नाही म्हणजे काळजीचं काही नाही, असंच मी घरातही सांगत राहिलो.

जुलैमध्ये आईला घेऊन निघालो. पाली, नाणीज, साखरपा गेलं आणि आंबा घाट चढायला लागलो. धुकं एवढं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवा तेवढा दिसत होता. निम्म्या घाटात गाडी हिसके मारायला लागली. पिकअप नाही, दुसऱ्या गिअरवरही चढेना. आई म्हणाली, "अरे, सडक्या अंड्यासारखा वास कसला येतोय?" बाजूला घेतली, वीसेक मिनिटं थांबलो, मग वळवून उताराने हळूहळू साखरप्याला आणली.

तिथल्या मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडायच्या आधी चावी ऑन केली. दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करून बघितलं आणि मला विचारलं, "काय हो, ह्या गाडीला चेक इंजिनचा दिवा नाय काय?" मी म्हटलं, असेल की. "मग लागत का नाय?"

त्यांनी मीटर सोडवलं. डायलच्या मागे, इंजिनच्या चित्राच्या नेमक्या जागी, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा होता. मसुरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, कात्रीने चारी बाजूंनी सरळ कापलेला. घाईत चिकटवलेला नव्हता, मापाने कापून बसवलेला होता. मी तो ओढणार तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा, आधी फोटो काढा." ह्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मग स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर लावला. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना ही ओबीडीची, म्हणजे गाडीनेच स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवून ठेवायची, सोय असते. दोन कोड आले: पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलेंडरचं मिसिंग (तिथे पेट्रोल नीट पेटत नाही), आणि पी०४२०, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनीतला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलच्या कनेक्टरच्या पिनांवर खाऱ्या हवेने हिरवा थर चढला होता आणि कॉइलला बारीक चीर गेली होती. त्या सिलेंडरमध्ये ठिणगी पडत नव्हती, तिथलं न जळलेलं पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत होतं, आणि त्या उष्णतेने आतली जाळी वितळून वाट बुजली होती. धूर बाहेर पडेना, म्हणून गाडी चढेना.

कॉइल आणि प्लग यांचे झाले ३,१००. कन्व्हर्टरचे ३८,०००. उरलेली मजुरी. ह्यातली खरी चीड आणणारी गोष्ट ही, की असं मिसिंग जोरात असलं की तो पिवळा दिवा लुकलुकतो. लुकलुकणारा दिवा म्हणजे वेग कमी करा, गाडी ताणू नका, लगेच दाखवा. जूनमध्ये तो मला दिसला असता तर मी कॉइल बदलून आणली असती. त्या टेपने आधीचं दुखणं तर लपवलंच, वर नवीन, दहापट मोठं दुखणं तयार केलं. ज्याने ती लावली त्याला हे कळत नसेल, असं मला वाटत नाही.

काकांनी आणखी एक सांगितलं. टेप लावायचीही गरज नसते, काही जण गिऱ्हाईक यायच्या आधी स्कॅनरने कोड पुसून टाकतात. दिवा विझतो, दोन-चार दिवस गाडी चालली की परत लागतो, तोवर पैसे हातात. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर जातात आणि स्कॅनरवर त्या "अपूर्ण" दिसतात. रोज चालणारी म्हणून सांगितलेल्या गाडीत त्या अपूर्ण दिसल्या, तर कालपरवाच कुणीतरी कोड पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची दाट शक्यता. म्हणून बघायला जाताना ओळखीचा मिस्त्री आणि स्कॅनर दोन्ही घेऊन जा, आणि गाडी थंड असतानाच सुरू करून दाखवा म्हणून आधी फोनवर सांगा.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही बघून घेतलीत ना? सही आहे तुमची." मग १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यातून काही झालं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. अर्जासोबत टेपचे फोटो, दोन्ही कोड लिहिलेली काकांची सहीची चिठ्ठी, बिलं, आणि विक्रेत्याने व्हॉट्सअपवर पाठवलेला "इंजिन ए-वन" हा मेसेज जोडलाय. तो टेपचा तुकडाही फाइलमध्ये छोट्या पिशवीत ठेवलाय. निकाल अजून लागायचा आहे.

आईचं ऑपरेशन पुढे ऑगस्टमध्ये झालं. त्या वेळी घाटात मी दर वळणावर मीटरकडे बघत होतो. आता चावी ऑन केली की तो पिवळा दिवा लागतो, आणि तो लागून विझेपर्यंत मी गिअर टाकत नाही.