औषधं बांधताना: स्ट्रिप की डबी, तीन महिन्यांची की सहा?

येत्या महिन्यात माझे आई-बाबा भावाकडे न्यू जर्सीला निघालेत. सहा महिन्यांचा मुक्काम आहे. मेतकूट, भाजणी, नातवाची झबली हे सगळं आईने एका दुपारीत बांधलं. औषधांना मात्र आम्हाला चार दिवस लागले. बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही चालू आहेत, शिवाय बीपी आणि कोलेस्टेरॉल. आईला थायरॉईड आणि काचबिंदू. प्रत्येक औषधापाशी प्रश्न यायचा, असं न्यायचं की तसं? आमच्यासारखेच तुम्हीही कुणाची तरी बॅग भरत असाल, तर आम्ही काय काय ताडून पाहिलं आणि काय ठरवलं ते इथे मांडते.

स्ट्रिप की डबी

आमच्या घरात सोमवार ते रविवार खणांची प्लास्टिकची डबी आहे. आई दर रविवारी रात्री जेवणाच्या टेबलावर बसून ती भरते. कात्रीने स्ट्रिप कापायची, गोळी काढायची, खणात टाकायची. त्या डबीमुळे बाबांची एकही गोळी चुकत नाही. घरात तिला तोड नाही.

पण तीच डबी घेऊन दोघं तीन वर्षांपूर्वी काशीला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना घेरी आली. धर्मशाळेजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, यातली बीपीची गोळी कुठली? आईने डबी उघडली. खणात चार गोळ्या, त्यातल्या तीन पांढऱ्या, गोल, जवळपास सारख्याच आकाराच्या. एक आज सकाळी दोनदा घेतली गेली का, हेही सांगता येईना. आईने मला ऑफिसात फोन केला, मी शेजारच्या काकूंना केला, काकूंनी किल्लीने आमचं घर उघडलं, फ्रिजवरच्या टोपलीतल्या स्ट्रिप्स एकेक करून फोनवर वाचून दाखवल्या. पाऊण तास गेला. बाबा त्या बाकावर बसलेले आणि आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी, हे मला नंतर तिने सांगितलं. ते ऐकताना मी ठरवलं की पुन्हा हे होऊ द्यायचं नाही.

गोळी ओळखायची खूण गोळीवर फारशी नसते, ती स्ट्रिपवर असते. स्ट्रिपवर औषधाचं मूळ नाव असतं, किती मिलिग्रॅम ते असतं, बॅच आणि मुदत असते. परदेशात निघालात तर हे आणखी महत्त्वाचं. अमेरिकेत मेडिकलवाला गोळ्या बाटलीत भरून देतो आणि बाटलीवर रुग्णाचं नाव छापतो, म्हणून तिथले लोक 'मूळ बाटलीतच न्या' असं सांगतात. आपल्याकडे स्ट्रिपवर कुणाचं नाव नसतं. त्यामुळे आपल्यासाठी मूळ पाकीट म्हणजे अख्खी स्ट्रिप, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल. ही तिन्ही एकत्र असली की विमानतळावर किंवा दवाखान्यात बोलायला जागा राहते.

डबीच्या विरोधात आणखी एक कारण आहे, ते फार जणांना माहीत नसतं. काही औषधांना दमट हवा चालत नाही. डाबिगाट्रान ही रक्त पातळ करायची कॅप्सूल मूळ पाकिटातून काढून डबीत ठेवू नये, तिचा जोर कमी होतो. फिटांसाठीची सोडियम व्हॅलप्रोएटही हवेतला ओलावा ओढून घेते. थायरॉईडच्या गोळ्यांना ओल, ऊन आणि उकाडा तिन्ही वर्ज्य. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या जुलैत आठवडाभर उघड्या खणात पडलेली गोळी आणि फॉइलमधली गोळी एकसारखी राहत नाही.

डबीची बाजूही मांडते. चार दिवसांचा महाबळेश्वर किंवा पंढरपूरचा प्रवास असेल, औषधं साधी असतील आणि माणूस विसराळू असेल, तर भरलेली डबी चालेल. फक्त प्रत्येक स्ट्रिपचा, नाव आणि मुदत दिसेल असा फोटो दोघांच्याही फोनमध्ये हवा. लांबच्या प्रवासाला मात्र स्ट्रिप्सच न्या आणि डबी रिकामी न्या. पोहोचल्यावर पहिल्या रविवारी आई तिथल्या टेबलावर बसून ती भरेल.

मेडिकलमध्ये घेतानाच अख्ख्या स्ट्रिप्स मागा. कापून दिलेल्या तुकड्यावर कधी नाव असतं तर मुदत नसते, कधी मुदत असते तर नाव अर्धंच उरतं. मुदत परतीच्या तारखेच्या बरीच पुढची असावी. आम्ही एका औषधाच्या सगळ्या स्ट्रिप्स एका रबरबँडमध्ये बांधल्या आणि वर चिठ्ठी लावली, 'सकाळी, नाश्त्याआधी'. चिठ्ठी मराठीत, कारण ती आई-बाबांनी वाचायची आहे.

लाल अक्षरं आधी पाहा

झोपेच्या, चिंतेच्या आणि जबर दुखण्याच्या गोळ्यांचा हिशेब वेगळा ठेवा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल अशा गोळ्यांच्या स्ट्रिपवर लाल अक्षरांत एनआरएक्स छापलेलं असतं. म्हणजे हे औषध आपल्याकडेही अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. ट्रामाडोल त्या यादीत २०१८ साली आलं. ही खूण दिसली की जिथे जायचं त्या देशाचे नियम तिकीट काढायच्या आधी बघा.

पण नुसत्या त्या खुणेवर विसंबू नका. मधुमेहात पायांची आग होते म्हणून आपल्याकडे सर्रास दिली जाणारी प्रीगाबालिन हे त्याचं उदाहरण. ब्रिटनने ती एप्रिल २०१९ मध्ये नियंत्रित औषधांत घातली, अमेरिकेतही ती नियंत्रित यादीत आहे, दुबईतही. कोडीन घातलेलं खोकल्याचं औषधही असंच.

दुबई आणि अमेरिका शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर फरक लगेच कळतो. अमेरिकेत साध्या गोळ्यांसाठी चिठ्ठी आणि मूळ पाकीट पुरतं. अमिरातीत नियंत्रित औषध न्यायचं असेल तर तिथल्या सरकारकडे आधी ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. चिठ्ठी खिशात आहे एवढ्यावर भागत नाही. माझा सल्ला कडक आहे. दुबईला पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याने डॉक्टरांना विचारावं की या गोळीऐवजी दुसरी देता येईल का. देता येत नसेल तरच परवानगीच्या मार्गाला लागावं, आणि ती हातात येईपर्यंत बॅग बंद करू नये. गोळी मनाने बंद करणं हा पर्याय नव्हेच. झोपेच्या आणि फिटांच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं.

याच ओघात एक सांगते. अमिरातीत खसखस न्यायलाही बंदी आहे. दिवाळीत लेकीकडे दुबईला निघालेल्या आईने अनारसे नेऊ नयेत, त्यांच्या पाठीला खसखस असते. वैद्यांच्या कागदी पुड्याही परदेशी नेऊ नका. नाव-गाव नसलेल्या पांढऱ्या पुडीचं कुणाला काय समजावणार? वैद्यांकडून लेबल लावलेली सीलबंद बाटली मिळाली तर गोष्ट वेगळी.

तीन महिन्यांची की सहा

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर बहुधा सहा महिने राहायला मिळतात, पण स्वतःसाठी औषधं आणायची तिथली सर्वसाधारण मर्यादा ९० दिवसांची आहे. बाबांची मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा. ९० दिवसांच्या १८० गोळ्या, म्हणजे १५ च्या बारा स्ट्रिप्स. सहा महिन्यांच्या चोवीस. आणि हे एका औषधाचं झालं.

पहिला मार्ग सगळेच सांगतात: सहाही महिन्यांचं घेऊन जा, कुणी विचारत नाही. पुष्कळांना खरंच कुणी विचारत नाही. पण विचारलं तर उत्तर सत्तर वर्षांच्या माणसाने, सतरा-अठरा तासांच्या प्रवासानंतर, इंग्रजीत द्यायचं असतं. ते मला नको वाटलं.

दुसरा मार्ग, ९० दिवसांचं सोबत आणि उरलेलं मागाहून कुरिअरने. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला पुढचं औषध घरून मागवता येतं. त्यासोबत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि चिठ्ठीची प्रत जोडावी लागते. कष्ट आहेत, पाकीट अडकायची धास्ती आहे, म्हणून गोळ्या संपायच्या महिनाभर आधी पाठवायला हवं. इन्सुलिनसाठी हा मार्ग बादच समजा. पाकीट उन्हात कुठे आणि किती दिवस पडेल याचा भरवसा नाही.

तिसरा मार्ग, तिथेच घेणं. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही, तिथल्या डॉक्टरांना भेटावं लागतं आणि त्यांची फी जड असते. प्रवासी विमा जुन्या आजाराच्या नेहमीच्या औषधांचा खर्च बहुतेक वेळा देत नाही. मात्र मेटफॉर्मिनसारखी जुनी जेनेरिक औषधं तिथे फार महाग नाहीत, त्यामुळे मुख्य खर्च त्या एका भेटीचा.

आम्ही दुसरा आणि तिसरा एकत्र केला. गोळ्या ९० दिवसांच्या सोबत, पुढच्या कुरिअरने, त्याची कागदपत्रं आत्ताच भावाच्या ईमेलवर. इन्सुलिनसाठी भाऊ तिसऱ्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांची वेळ घेणार.

तिथे घ्यायची वेळ आलीच तर आपलं ब्रँडचं नाव उपयोगाचं नाही, मूळ नाव लागतं. तेही कधी बदलतं. आपलं पॅरासिटामोल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामोल तिथे अल्ब्युटेरॉल. डॉक्टरांकडून टाइप केलेलं एक पानी पत्र घ्या. त्यात आजार, औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि वेळ असावी. पत्रावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. आईच्या फाइलवर माहेरचं नाव होतं आणि पासपोर्टवर सासरचं. आम्हाला पत्र दुसऱ्यांदा करून घ्यावं लागलं.

इन्सुलिन: बर्फ की भिजवायचं पाकीट

यात लोक चुकीच्या गोष्टीला घाबरतात. इन्सुलिन उकाड्याने खराब होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, गोठूनही ते वाया जातं हे कमी जणांना. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पहिल्यासारखं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. म्हणून ते चेक-इन बॅगेत कधीच नको. विमानाच्या पोटात थंडी किती पडेल सांगता येत नाही, आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं.

चालू असलेलं पेन, म्हणजे इन्सुलिन टोचायचं भरलेलं पेन, ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतं. नेमके दिवस पेनाच्या कागदावर असतात, ते वाचा. विमानाच्या केबिनमध्ये त्याला काहीच लागत नाही. जपायचं ते न उघडलेल्या साठ्याला, त्याला २ ते ८ अंश हवेत.

आईस पॅक चांगला थंडावा देतो, पण पेन त्याला चिकटलं तर गोठायची भीती. टॉवेलचा जाड थर मध्ये हवाच. पाण्यात भिजवायचं पाकीट मडक्यासारखं काम करतं, पाणी उडतं आणि आतला भाग गार होतो. ते गोठवूच शकत नाही, बर्फ शोधावा लागत नाही, परत भिजवलं की झालं. नागपूर-जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उत्तम. कोकणातल्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, तिथे गारवा कमी पडतो. शिवाय ते फ्रिजइतकं गार होत नाही, नुसता उकाडा टाळतं. त्यामुळे चारधाम किंवा गाडीतल्या लांब प्रवासात चालू पेनासाठी पाकीट, आणि तीन महिन्यांचा साठा नेताना टॉवेलात गुंडाळलेला आईस पॅक, अशी आमची वाटणी झाली. सुरक्षा तपासणीत हातातल्या बॅगेतल्या द्रवांचा १०० मिलिलिटरचा नियम औषधांना लागत नाही, पण इन्सुलिन, सुया आणि पॅक वेगळे काढून आधीच सांगायचं.

पेनाऐवजी बाटली आणि सिरिंज वापरत असाल तर हे नीट वाचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बरेचदा ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेत १०० युनिटचं चालतं आणि सिरिंजही त्याचीच मिळते. आपली बाटली आणि तिथली सिरिंज अशी जोडी जमवली तर २० युनिटच्या खुणेपर्यंत भरूनही पोटात आठच युनिट जातात. उलटं झालं, तिथलं इन्सुलिन आणि इथली सिरिंज, तर २० च्या जागी ५० जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. सिरिंज इथूनच पुरेशा न्या. जमलं तर डॉक्टरांना विचारून निघायच्या महिनाभर आधी पेनावर या, म्हणजे हात बसतो.

आईच्या काचबिंदूच्या थेंबांचंही असंच. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, उघडलेली बाहेर सहा आठवडे. उघडल्याची तारीख तिने बाटलीवर पेनाने लिहिली आहे.

वेळांबद्दल थोडंच. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. दिवसातून एकदाच्या बीपी-थायरॉईडच्या गोळ्या पोहोचल्यावर तिथल्या सकाळी घेतल्या तर सहसा बिघडत नाही. इन्सुलिनचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांनी लिहून द्यावं. आम्ही मुंबईहून सुटायची वेळ, उतरायची वेळ आणि विमानातल्या जेवणाच्या वेळा त्यांच्यापुढे ठेवल्या आणि कागदावर मांडून घेतल्या.

सगळी औषधं दोघांच्या हातातल्या बॅगांत आहेत. आधी बाबांची त्यांच्या बॅगेत, आईची तिच्या असं ठेवलं होतं. मग विचार केला की एक बॅग टॅक्सीत राहिली तर? आता दोघांच्याही बॅगेत दोघांची औषधं निम्मी-निम्मी आहेत, पत्राची प्रत दोन्हीकडे, आणि चालू पेन बाबांच्या खांद्यावरच्या छोट्या पिशवीत, बिस्किटांच्या पुड्याशेजारी.